नवा फ्युएल पंप टाकूनही गाडी खंबाटकीत बंद पडली, आता काय तपासायचं?

सज्जनगड_रोड

नमस्कार. प्रश्न लांब आहे, पण काही राहून जायला नको म्हणून सगळं लिहिते.

गाडी 2013 ची छोटी हॅचबॅक, 1.2 लिटर पेट्रोल, 94 हजार किलोमीटर झालेत. 2019 मध्ये बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवून घेतलं. रोजचं फिरणं घर ते एमआयडीसी आणि परत, सगळं गॅसवर. सकाळी पेट्रोलवर स्टार्ट होते आणि दीड-दोन मिनिटांत आपोआप गॅसवर जाते.

मार्चमध्ये पुण्याहून येताना गॅस संपला, गाडी पेट्रोलवर आली. खंबाटकी घाट चढताना झटके मारायला लागली आणि बंद पडली. अर्ध्या तासाने चालू झाली. इथल्या गॅरेजवाल्यांनी फ्युएल पंप गेला म्हणून पूर्ण असेंब्ली बदलली, मजुरीसकट 7,800 रुपये. त्यानंतर दोन महिने काहीच त्रास नाही.

गेल्या रविवारी बाबांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या तपासणीला पुण्याला नेलं होतं. परतताना शिरवळला गॅसची रांग एवढी की बाबांना उन्हात ताटकळत ठेवणं नको वाटलं. म्हटलं टाकीत अर्धं पेट्रोल आहे, जाऊ तसंच. शिरवळपुढचं खंडाळा सोडलं, घाट लागला आणि तिसऱ्या वळणावर पुन्हा तेच. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी पुढे जाण्याऐवजी मागे ओढल्यासारखी होत होती. मग झटके, मग बंद. सेल्फ व्यवस्थित फिरत होता, पण गाडी पेट घेत नव्हती. मेची दुपार, शेजारून ट्रक जातायत, बाबा काळा चष्मा लावून मागच्या सीटवर, आणि मी त्यांच्या डोळ्यावर धूळ जाऊ नये म्हणून काचा वर करून बसलेली. चाळीस मिनिटं गेली. मग चालू झाली, तिशीच्या वेगात घाट चढलो. उतारावर काही नाही, सपाटीलाही काही नाही. साताऱ्यात गॅस भरला, तेव्हापासून गाडी सुतासारखी सरळ.

गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी पाच मिनिटं पेट्रोलवर चालू ठेवून गेज लावला, प्रेशर 3 बार, म्हणजे ठीक. स्कॅनरमध्ये पी 0171 हा दोषाचा कोड साठवलेला दिसला. त्यांचं म्हणणं, नवा पंपच डिफेक्टिव्ह निघाला असेल, दुसरा टाकून बघू, नाहीतर मग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर.

पुन्हा आठ हजार घालायची माझी तयारी आहे, पण त्याने दुखणं जाणार असेल तर. जूनमध्ये बाबांना परत न्यायचंय. जाणकारांनी कृपया सांगा.

पावसाळी_प्रवासी

आधी टाकीतलं पेट्रोल बघा. हल्ली 20 टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी पेट्रोलमध्ये मुरतं, पण मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतं. पंपाची जाळीही तळाशीच असते. तुमची गाडी गॅसवर चालते म्हणजे तेच पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत पडून असणार.

काचेच्या स्वच्छ बाटलीत अर्धा लिटर काढून तासभर न हलवता ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून धुऊन घ्या. मला जुलैत कोकणात हा अनुभव आलाय.

जुना_फोरमन

गरम झाली की बंद आणि थंड झाली की चालू, हे क्रँक सेन्सरचंही (इंजिनाचं फिरणं ओळखणारा सेन्सर) लक्षण आहे. तो गेला की ईसीयूला इंजिन फिरतंय हेच कळत नाही, मग तो ठिणगीही देत नाही आणि पंपही बंद करतो. लोक पंप बदलत बसतात. बंद पडल्यावर सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलत होता का ते आठवून सांगा. काटा शून्यावर चिकटून राहिला तर सेन्सर बघा.

सज्जनगड_रोड

फोरमन साहेब, काटा हलत होता. दोनशे-अडीचशेच्या आसपास उडत होता, माझी नजर डॅशबोर्डवरच खिळली होती म्हणून पक्कं आठवतंय. पेट्रोल आज बाटलीत काढून ठेवलं, दोन तास झाले, थर नाही, पाण्यासारखं नितळ आहे.

बारा_व्होल्ट

ताई, मी कराडला 1996 पासून ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. दुसरा पंप टाकू नका. निदान मी सांगतो ती मापं घेतल्याशिवाय तरी नका.

तुमच्या लिहिण्यात एक वाक्य फार मोलाचं आहे: गॅस भरला आणि गाडी सरळ झाली. इंजिन तेच, प्लग तेच, कॉइल तीच, क्रँक सेन्सर तोच. गॅसवर तोच घाट गाडी रडत न चढता जात असेल, तर ठिणगीची बाजू आणि सेन्सर दोन्ही सुटले. फोरमन साहेबांची शंका रास्त होती, पण काट्याने आणि गॅसने मिळून ती मिटवली. पी 0171 म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. दोष पेट्रोलच्या वाटेवर आहे.

आता ती वाट कशी आहे बघा. चावी ऑन केली की मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक घूं असा आवाज येतो. ईसीयू रिले (विजेने चालणारा स्विच) ओढतो, पंप फिरतो, इंजिनाला पेट्रोल देणाऱ्या नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाब तयार होतो. सेल्फ मारला नाही तर ईसीयू पंप थांबवतो. पेट्रोलमध्ये बुडालेली ही साधी डीसी मोटर आहे, भोवतीचं पेट्रोलच तिला थंड ठेवतं. तुमच्यासारख्या गाडीत ती साधारण 4 ते 6 अँपिअर खाते. तो करंट बॅटरीपासून फ्यूज, रिले, लांब वायर, सीटखालचं कपलर (वायरी जोडणारा प्लग) असा जातो आणि पंपातून बाहेर पडून अर्थिंगने बॉडीत परत येतो. या वाटेवर एखादा सांधा जरी खराब असला तरी मोटरला पुरता व्होल्ट मिळत नाही. मोटर फिरते, आवाजही येतो, पण हळू फिरते. सपाटीला इंजिनाला पेट्रोल थोडंच लागतं, तेवढं ती भागवते. घाटात मागणी वाढली की ती कमी पडते.

आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. गॅरेजमध्ये कपलर काढून मल्टिमीटर लावतात, 12.4 दिसतं, मग म्हणतात सप्लाय बरोबर, पंप खराब. अहो, नळाची तोटी बंद असताना पाइपात दाब असणारच. तोटी सोडा आणि मग बघा पाणी किती येतं. मल्टिमीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे एका तंतूवर लोंबणारी वायरही त्याला पुरे 12 व्होल्ट दाखवते. टेस्ट लॅम्पचंही तसंच, तो छोटा दिवा सडलेल्या जोडावरसुद्धा लागतो. माप घ्यायचं ते कपलर जोडलेलं असताना आणि पंप फिरत असताना.

दुसरी गोष्ट वेळेची. गॅरेजने पाच मिनिटं गेज लावला. पाच मिनिटांत काही तापत नाही. तुमची गाडी दोन्ही वेळेला पेट्रोलवर बराच वेळ पळाल्यावर बंद पडली. एरवी तुम्ही गॅसवर असता, पंपाला दिवसाला दोन मिनिटांचं काम, म्हणून दुखणं दोन महिने लपून राहिलं. मार्चमध्ये पंप बदलल्याने गाडी बरी झाली नव्हती, ताई. ती गॅसवर होती एवढंच.

घरी कुणी विजेचं काम जाणणारं असेल तर हे करा. स्विच पेट्रोलवर ठेवून गाडी अर्धा तास चालवून आणा. मागची सीट उचला, खाली चार स्क्रूंचं पत्र्याचं झाकण असतं, त्याखाली कपलर. चार-पाच वायरी दिसतील. दोन जाड त्या पंपाच्या, बारीक त्या पेट्रोलच्या काट्याच्या. कपलर काढू नका. मागच्या बाजूने, जिथे वायर आत शिरते तिथून, वायरीच्या कडेने टाचणी हलकेच सरकवा, म्हणजे आतल्या पिनेला टेकते. इंजिन चालू ठेवून चार मापं घ्या: बॅटरीच्या दोन टोकांवर किती, पंपाच्या दोन जाड वायरींवर किती, बॅटरी प्लसपासून पंपाच्या प्लसपर्यंत किती, आणि पंपाच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत किती. शेवटच्या दोन मापांसाठी लांब वायर लागेल. बॅटरी आणि पंप यांच्यात अर्धा व्होल्टपर्यंतचा फरक मी सोडून देतो. एक व्होल्ट झाला तर शोधायला बसतो.

दोन टाचण्या एकमेकींना टेकू देऊ नका. गाडी मोकळ्यावर उभी करा, जवळपास विडी-काडी नको, पावडरचं फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा. पेट्रोलचा वास आला तर सगळं थांबवा. पंपाची मोठी चकती तुम्ही उघडू नका. ते काम बॅटरीचा मायनस काढून, रेलचा दाब उतरवून, नवी रबर रिंग हाताशी ठेवून करायचं असतं.

आणि एक विचारायचंय. किट बसवलं तेव्हा गॅसवर पंप बंद राहावा म्हणून जादा रिले टाकलाय का? चालू गाडीत गॅसवर जाताना सीटखालचा आवाज थांबतो का, ते कान देऊन ऐका.

पावसाळी_प्रवासी

पण पंप फिल्टरचं काय? जाळी चोंदली तरी घाटात हेच होईल ना?

बारा_व्होल्ट

होईल, अगदी हेच होईल. पण असेंब्ली दोन महिन्यांपूर्वी पूर्ण बदललीय, जाळी-फिल्टर त्यातच आले.  तरी मापं बरोबर आली तर पुढची पायरी गरम गाडीवर प्रेशर गेज, तेव्हा तेही कळेल. क्रम मात्र हाच ठेवतो, कारण व्होल्ट मोजायला पैसे पडत नाहीत.

सज्जनगड_रोड

दादा, तुम्ही म्हणालात तसं केलं. माझा धाकटा दीर आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे, एमआयडीसीतच कामाला. काल संध्याकाळी पेट्रोलवर लिंब फाट्यापर्यंत जाऊन आलो, येऊन-जाऊन पस्तीस मिनिटं. मग दारात सीट काढली.

बॅटरीवर 14.1. पंपाच्या वायरींवर 10.6. दिराने दोनदा बघितलं, त्याला वाटलं टाचणी नीट टेकली नाही. मग प्लसच्या बाजूने 3.2 आणि अर्थिंगच्या बाजूने 0.3.

थंड गाडीवर, चालू केल्या केल्या, आज सकाळी मोजलं तर पंपावर 12.9 येत होते. पाच-पाच मिनिटांनी मोजत गेलो: 12.5, 12.1, 11.6. डोळ्यांदेखत उतरत होते.

आणि हो, गॅसवर गेली की सीटखालचा आवाज थांबतो. मी इतकी वर्षं त्याकडे लक्षच दिलं नव्हतं. आता यातून काय समजायचं? रिले बदलायचा का?

बारा_व्होल्ट

ताई, दिराला माझा नमस्कार सांगा. थंडपासून गरमपर्यंतचे आकडे लिहून ठेवले, हे काम कसलेला माणूसच करतो.

आता हिशेब बघा. प्लसच्या वाटेवर 3.2 व्होल्ट गळतायत. करंट 5 अँपिअर धरला तर 16 वॅट. तेवढी उष्णता कुठल्यातरी एका सांध्यात बोटाच्या पेराएवढ्या जागेत निघतेय. 25 वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने आपण कथील वितळवतो, त्यावरून अंदाज करा. सांधा तापतो, तापला की त्याचा विरोध वाढतो, वाढला की आणखी तापतो. म्हणून तुमचे आकडे उतरत गेले. आणि थंड व्हायला चाळीस मिनिटं का लागली तेही यातच आलं.

हे तातडीने करा. पेट्रोलच्या टाकीच्या डोक्यावर असा तापणारा जोड मला एक दिवसही ठेववणार नाही. होईपर्यंत गाडी गॅसवर चालवा. काही किटांत स्विच दाबून धरून चावी फिरवली की थेट गॅसवर स्टार्ट होते, तुमच्या किटचं पुस्तक असेल तर त्यात पद्धत बघा, पेट्रोलवरचे ते दोन मिनिटंही वाचतील.

रिलेवर आधी उडी मारू नका. वाटेवर एकेक मुक्काम करत जा. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर कायम, दुसरं टोक आधी फ्यूजच्या पुढे, मग मूळ रिलेच्या 30 नंबरच्या पिनेवर, मग 87 वर, मग किटच्या रिलेच्या आधी आणि नंतर (गॅसवर आवाज थांबतो म्हणजे तो जादा रिले असणारच). 30 ला करंट येतो, 87 ने पुढे जातो, 85-86 ही आतल्या कॉइलची टोकं. ज्या दोन मुक्कामांच्या मध्ये आकडा एकदम उडी घेईल, तिथे चोर आहे. माझा अंदाज किटच्या रिलेजवळचा जोड. मूळ वायर कापून मध्ये रिले घालतात, तिथे वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळलेली मी कितीदा सोडवलीय.

जुना_फोरमन

सहमत. आणि ताई, मूळ वायर कापली तिथून किटची वायर त्याच जाडीची आहे का तेही बघा. बारीक वायर घातली असेल तर नुसता जोड सुधारून भागणार नाही.

सज्जनगड_रोड

सापडलं!

आकडा मूळ रिलेच्या 87 पर्यंत 0.2 होता. किटच्या रिलेच्या आधी 0.3. त्याच्यानंतर थेट 2.9. हा रिले मागच्या सीटच्या डाव्या कोपऱ्यात, सीट बेल्टच्या बोल्टशेजारी काळ्या टेपने बांधलेला होता. बॅटरीचा मायनस काढून दिराने टेप सोडवायला घेतली. वरचे दोन वेढे नेहमीसारखे निघाले. आतले निघेनात, चिकटून काळ्या डिंकासारखे झाले होते, बोटांना लागत होते. जळक्या रबराचा वास. आत दोन वायरी नुसत्या एकमेकींभोवती पिळलेल्या, कथील नाही, काही नाही. तांबं वरून हिरवं आणि आत चॉकलेटी. दिराने नखाने जरा ओढलं तर अकरा-बारा तंतू तुटून त्याच्या हातात आले, पाच-सहाच शिल्लक होते. त्याच्यावर माझा आणि बाबांचा प्रवास चालला होता.

फोरमन साहेब, तुमचंही खरं निघालं. रिलेपासून कपलरपर्यंतची किटची वायर मूळ वायरीच्या निम्म्या जाडीची होती.

आता ती सगळी वायर काढून अडीच स्क्वेअर एमएमची नवी टाकली, रिले नवा, त्याला सॉकेट, जोड सोल्डर करून वर श्रिंक ट्यूब. अर्थिंगचा 0.3 होता म्हणून सीटखालचा अर्थचा बोल्टही उघडला, थिंबलखाली (वायरीच्या टोकाच्या कडीखाली) गंज होता, तो पॉलिश पेपरने घासून घट्ट केला. सगळं मिळून 640 रुपयांचं सामान आणि दिराची एक रविवारची झोप.

आज पेट्रोलवर मुद्दाम पुण्याच्या दिशेने बोगद्यातून खंडाळ्यापर्यंत गेलो आणि वळून घाट चढून परत आलो. तिसऱ्या वळणावर माझा पाय आपोआप ढिला झाला, पण गाडीने चौथ्या गिअरमधून तिसऱ्यात घेतल्यावर जी ओढ घेतली ती मी विसरलेच होते. वर थांबून दिराने मोजलं: बॅटरीवर 14.0, पंपावर 13.6. जोडावर हात ठेवला, कोमटही नाही.

जुना पंप गॅरेजवाल्यांनी परत दिला होता, डिकीत आहे. तो चांगला होता का हे बघता येईल?

बारा_व्होल्ट

वाचून खूप बरं वाटलं ताई. 13.6 म्हणजे उत्तम.

जुना पंप घरी बॅटरीला लावून बघू नका. आत पेट्रोलची वाफ राहिलेली असते आणि मोटरच्या ब्रशला ठिणगी पडते. मल्टिमीटरने त्याच्या दोन जाड पिनांमधला ओहम बघा. एक-दोन ओहमच्या आसपास स्थिर दाखवलं तर वाइंडिंग आणि ब्रश जागेवर आहेत, एवढंच म्हणता येईल. दाब किती देतो ते टेस्ट बेंचवरच कळतं. फडक्यात गुंडाळून हवेशीर जागी ठेवा, घरात नको, डिकीतही नको.

दिराला अजून एका कामाला बसवा. ज्या माणसाने हा जोड पिळला, त्यानेच बॉनेटखाली इंजेक्टरच्या (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या नोझलच्या) चारही वायरी कापून किटला जोडल्या असतील. बॅटरीमागे काळ्या टेपचं एक जाड बंडल असेल. जूनच्या आधी, पाऊस लागायच्या आत, ते सोडवून बघा. कथील दिसलं तर टेप बदलून परत बांधा. पिळलेलं दिसलं तर एका वेळी एकच वायर कापून जोडा, म्हणजे रंगांची अदलाबदल होणार नाही. काय निघालं ते इथे लिहा.